सारा म्हणजे शेतसारा नव्हे

गेल्या वैशाखात पिंगुळीत शेजारच्या घरी बारसं होतं. आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं, मायरा. पाळण्याशेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, “ह्या कसला नाव गो? फिरंग्यांचा?” बाळाच्या आईने लगेच मोबाइल पुढे केला. “हिब्रू आहे आजी. अर्थ ‘प्रिय’.” बारशाच्या दिवशी वाद नको म्हणून मी घुगऱ्या खात गप्प राहिलो. पण त्या दिवशी मोबाइल चुकला होता आणि आजीही अर्ध्या चुकल्या होत्या.

आधी मोबाइलचं पाहू. इंग्रजीत रुळलेलं मायरा हे नाव हिब्रू नाही. फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीने आपल्या प्रेमकवितांतल्या स्त्रीसाठी ते घडवलं. नाव गोड आहे, ठेवावं खुशाल. पण बाळाच्या नावांच्या याद्यांमध्ये ज्या नावाचं मूळ सापडत नाही त्याच्यापुढे सर्रास ‘हिब्रू’ लिहून मोकळे होतात, तसंच याचंही झालेलं दिसतं.

आता आजींचे फिरंगी. मायरापुरतं त्यांचं बरोबर, पण अशी सगळीच नावं फिरंग्यांची नव्हेत. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणकडच्या कॅथलिक घरांत इझाबेल, मारिया, आना ही नावं पोर्तुगीज वळणाची आहेत हे खरंच. पण पोर्तुगिजांनी ती फक्त वाहून आणली. इझाबेलच घ्या. मूळचं हिब्रू एलिशेवा, म्हणजे ‘माझा देव हीच माझी शपथ’. ग्रीकमध्ये ते एलिसाबेत झालं, स्पेन-पोर्तुगालात इझाबेल झालं आणि गलबतात बसून गोव्याला उतरलं. मराठी बायबलात हीच बाई अलीशिबा म्हणून भेटते. पिंगुळीकरांना यात नवल वाटू नये. आमच्या ठाकर कलावंतांकडे एकच सीता चित्रकथीच्या कागदावर वेगळी दिसते, कळसूत्री बाहुलीत वेगळी आणि चामड्याच्या सावलीत आणखी वेगळी. म्हणून सीता काही तीन होत नाहीत.

दुसरा समज असा की असली बायबलातली नावं ख्रिश्चनांचीच. मरियम आणि सारा मुसलमान घरांत किती तरी सापडतील. आणि आपल्याच कोकणात, रायगडाच्या किनाऱ्यावर, ही नावं ज्यांची घरची त्या बेने इस्रायल ज्यूंना आपण विसरतो. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं पेणकर, किहीमकर, दिवेकर, बोली मराठी. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या, १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचं नावच बघा. झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव, आणि जेरुशा हिब्रू, ‘वारसा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. बायबलातल्या एस्तेर राणीच्या आठवणीचा पुरीम हा सण या लोकांच्या बोलीत ‘होळीचा सण’ होता. तोही साधारण आपल्या शिमग्याच्याच सुमारास येतो.

पण खुद्द एस्तेर हे नाव हिब्रू नसावं! बायबल सांगतं की तिचं हिब्रू नाव हदासा, म्हणजे मेंदीसारखं दिसणारं मर्टलचं सुवासिक झुडूप. एस्तेर हे इराणी दरबारातलं नाव. काही अभ्यासक ते बॅबिलोनच्या इश्तार देवीशी जोडतात, तर काही ताऱ्यासाठी असलेल्या जुन्या इराणी शब्दाशी. हा दुसरा तर्क धरला तर एस्तेर आणि आपल्या ओळखीची सितारा एकाच घराण्यातल्या.

धर्मग्रंथातली नावं म्हणजे अर्थही भारदस्त असणार, असंही लोक धरून चालतात. राहेल म्हणजे मेंढी. दबोरा म्हणजे मधमाशी. आजच्या इस्रायलमध्येही मधमाशीला हाच शब्द आहे. याएल ही कड्यावर चढणारी रानबकरी, सिप्पोरा पाखरू, तामार खजुरीचं झाड. मेंढपाळांनी आणि वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टींवरून मुलींना हाका मारल्या, जशा आपण मैना, शेवंती, अबोली म्हणून मारतो. मुलीचं नाव ‘माड’ ठेवण्याचं मात्र आपल्या लोकांना अजून सुचलेलं नाही. शोशना हे फुलाचं नाव, त्यावरूनच सुझान आली. तो शब्द मुळात प्राचीन इजिप्तमधला, तिथे त्याचा अर्थ कमळ. म्हणजे एखाद्या सुझानला कमल म्हटलं तर फारसं बिघडणार नाही. भारदस्त नाव हवंच असेल तर सारा आहे. आपल्याकडे या शब्दाने तलाठ्याची आठवण होते. हिब्रूत ती राजस्त्री, सरदारीण.

सर्वांत चिवट समज मात्र हा की प्रत्येक नावाला एक पक्का अर्थ असतो. मिर्याम घ्या. कोणी ‘कडवट’ म्हणतो, कोणी ‘बंडखोर’, कोणी इजिप्शियन शब्दावरून ‘लाडकी’. एकमत नाही. रिबकाचा संबंध दोरीने बांधण्याशी लावतात, तोही अंदाजच. लेआ म्हणजे ‘थकलेली’ की ‘गाय’, यावर वाद आहे. रूथचं काय ते कुणी छातीठोक सांगत नाही. ती तर इस्रायली नव्हेच, मवाबी सून. याद्यांमध्ये मात्र प्रत्येकीसमोर एकेक गोंडस शब्द छापलेला असतो.

मिर्यामवरून आठवलं. मिर्याम जेकब मेंद्रेकर या नावाने बेने इस्रायल घरात जन्मलेल्या एक लेखिका पुढे मीरा महादेवन म्हणून ओळखल्या गेल्या. दिल्लीत बांधकामावर राबणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी १९६९ साली ‘मोबाइल क्रेशेस’ ही पाळणाघरं त्यांनीच सुरू केली. मिर्याम आणि मीरा या नावांचं एकमेकींशी कसलंही नातं नाही. कानाला तेवढी बहिणी-बहिणी वाटतात.