दोष कुठे आहे? : मुक्त संगणक-प्रणाली आणि एका आश्रमशाळेतले बारा संगणक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची सगळी नोकरी गेली, आणि आज मुरबाडमध्ये उभे राहून आम्ही लिनक्सवर बोलणार आहोत. काहींना प्रश्न पडला असेल की या माणसाचा संगणकाशी काय संबंध? संबंध आहे. संगणक बिघडला की आपण जे करतो, त्याला आमच्या शास्त्रात अनुमान म्हणतात. आणि अनुमान कसे चुकते, हे आम्ही पस्तीस वर्षे वर्गात शिकवले. प्रत्यक्षात मात्र आमचे स्वतःचेच अनुमान चुकले, आणि तेही चांगले तीन आठवडे. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत बारा जुने संगणक होते, कुणीतरी देणगी म्हणून दिलेले. त्यांच्यावर आम्ही काही निवृत्त मंडळींनी डेबियन लिनक्स बसवून दिले होते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा बारापैकी दहा संगणकांवर इंटरनेटचे एकही पान उघडेना. पडद्यावर सूचना यायची, हे संकेतस्थळ सुरक्षित नाही. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, त्यामुळे दहावी झालेल्या मुलांना शहापूरला जाऊन पैसे मोजून अर्ज भरावे लागले. एकाने पाहून सांगितले, ‘मशिनं जुनी झालीत, भंगारात काढा.’ आम्ही सांगितले, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, पाऊस सुरू झालाय, लाइन खराब असणार.’ झालं. निदान ठरलं आणि सगळे वाट बघत बसले.

आता हे अनुमान कसे होते ते बघा. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. का? तर जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतो, हा अखंड संबंध आपल्याला माहीत असतो. त्याला व्याप्ती म्हणतात. आमचे अनुमान असे होते की पान उघडत नाही, म्हणून नेटवर्क बंद आहे. पण जिथे जिथे पान उघडत नाही तिथे तिथे नेटवर्क बंद असते, अशी व्याप्ती आहे का? नाही. नेटवर्क चालू असतानाही पान न उघडण्याची दहा कारणे असतात. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. तो साध्याशी एकनिष्ठ नसतो, साध्य नसेल तिथेही सापडतो. हा हेत्वाभास आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहायचो!

शिवाय दोन संगणक चालू होते, ते कसे? तार तीच, राउटर तोच. आम्ही म्हणालो, ते दोन राउटरच्या जवळ आहेत. आपल्या निष्कर्षाला जे अडचणीचे असते त्याची माणूस अशी सोय लावून टाकतो. साधी ‘पिंग’ आज्ञा देऊन पाहिली असती, म्हणजे दूरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का हे तपासले असते, तर नेटवर्क ठणठणीत आहे हे दोन मिनिटांत कळले असते.

तिसऱ्या आठवड्यात नववीतली एक मुलगी हसत म्हणाली, ‘सर, या कॉम्प्युटरात अजून लॉकडाऊनच चालू हाय.’ पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात २०२१ साल दिसत होते. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो. संध्याकाळी किन्हवलीच्या बाजूने एसटीत बसल्यावर, शहापूर जवळ आले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आणि लाजही वाटली.

कारण असे होते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवायला आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिचे नाव सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. सुट्टीत शाळेने मेन स्विच बंद ठेवला होता. जुन्या बॅटऱ्या त्या काळात संपल्या आणि घड्याळे मागे गेली. आता घड्याळाचा आणि इंटरनेटच्या पानाचा काय संबंध? सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असे असते, आणि बरीच प्रमाणपत्रे तर ९० दिवसांचीच असतात. २०२१ मध्ये बसलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र भविष्यातले वाटते, म्हणून तो ते नाकारतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच वागत होता. आम्ही चालू संगणकातली बॅटरी बंद पडलेल्यात घातली आणि तिथली चालू संगणकात. तारीख नीट लावली, वीज काढून पुन्हा सुरू केले. दोष बॅटरीबरोबर जागा बदलून गेला. कारण असेल तिथे कार्य असते, कारण काढले की कार्य जाते. यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. निर्णय झाला.

थांबा, गोष्ट इथे संपत नाही. जाणकार श्रोता विचारेल की लिनक्स तर इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेतो, मग तसे का झाले नाही? आम्हीही तेच शोधले. वेळ जुळवणारी सेवा त्या संगणकांवर बंद होती. ती कुणी बंद केली? आम्हीच! सुट्टीच्या आधी जुन्या यंत्रांवरचा भार कमी करावा म्हणून आम्ही काही सेवा बंद केल्या होत्या, त्यात हीही गेली. कुठे लिहून ठेवले नाही आणि विसरून गेलो. बॅटरी हे निमित्त होते, मूळ दोष आमचा होता.

आणि २०२१च का? २००० का नाही? हेही समजून घेण्यासारखे आहे. घड्याळ फारच मागे गेलेले दिसले, तर ही प्रणाली ते निदान स्वतःच्या बांधणीच्या तारखेपर्यंत पुढे ओढते. कारण आपण तयार होण्याच्या आधीची तारीख आज असू शकत नाही, एवढे तर्काने कळते. आणि तसे केल्याची नोंदही ती करते. नोंदवही उघडली तर रोज सकाळची ओळ तिथे होती : यंत्राची वेळ बांधणीच्या वेळेआधीची आहे, घड्याळ पुढे करत आहे. दहा संगणक तीन आठवडे रोज आम्हाला कारण सांगत होते. वाचले कुणी नाही.

इथे आपण मुख्य मुद्द्याकडे येतो. ही नोंद आम्हाला वाचता आली, ती सेवा काय करते ते बघता आले, ती परत सुरू करता आली. हा अधिकार कुठून आला? युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे कर्ते. पुढे तिच्यावर कंपनीच्या परवान्यांची बंधने घट्ट होत गेली. त्याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरला प्रयोगशाळेतल्या प्रिंटरने छळले. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सोय केली होती की कागद अडकला की लोकांना संदेश जाईल. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम बंदिस्त होता, त्यामुळे ती साधी सुधारणा करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी युनिक्ससारखी पण मुक्त अशी ‘ग्नू’ प्रणाली बांधण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा, कर्नल, लिहायला घेतला. या सगळ्याची सुरुवात एका अडकलेल्या कागदापाशी आहे, हे लक्षात ठेवा.

तुम्हाला हे वेगळे समजवायला नको. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. धरण आपल्या दारात, पण चावी आपल्या हातात नाही. बंदिस्त प्रणालीचा संगणक असाच असतो. यंत्र आपल्या खोलीत, पण आत काय चालले आहे ते विचारायचा हक्क नाही. कुणीतरी सांगेल ते मानायचे, म्हणजे निव्वळ शब्दप्रमाण. शब्दप्रमाण वाईट नाही, आप्त विश्वासू असेल तर ते चालते. पण पडताळून पाहायची वाटच बंद असेल, तर सांगणारा विश्वासू आहे की नाही हे तरी कसे कळणार?

आपल्या शेजारी कर्जत तालुक्यात खैराट गावच्या शाळेत २००७ साली मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पातले, लिनक्सवर चालणारे. त्यांच्या कळफलकावर एका खास कळीचे काम होते, ‘आतला मजकूर दाखव’. चालू असलेला प्रोग्राम कसा लिहिला आहे ते मुलाने उघडून पाहावे, ही त्यामागची कल्पना. किती मुलांनी ती कळ दाबली हा वेगळा प्रश्न. पण तशी कळ असावी असे कुणालातरी वाटले, हे आम्हाला मोठे वाटते.

मात्र नुसता हक्क असून भागत नाही. आमच्याकडे हक्क होताच, तरी तीन आठवडे गेले. हक्काबरोबर नोंदीची सवय लागते. आपल्या वाण्याकडे रोजकीर्द असते, व्यवहार आधी तिथे आणि मग खतावणीत. लिनक्सची फाइल-व्यवस्था अगदी हेच करते. पाटीत बदल करण्याआधी बदलाची नोंद रोजकीर्दीत करते. आषाढात लाइट अचानक गेली, तर परत आल्यावर ती रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेले पूर्ण करते. पण एक सावधगिरी : ही नोंद सहसा फाइलींच्या हिशेबाची असते, आतल्या मजकुराची नव्हे. म्हणजे कपाट शाबूत राहील, शेवटी टाइप केलेला परिच्छेद मात्र जाऊ शकतो. म्हणून मुलांना सांगा, मध्येमध्ये जतन करा.

प्रणाली घडवणारेही असेच वागतात. २००५ पासून कर्नलचा प्रत्येक बदल ‘गिट’ या साधनात नोंदला जातो. कुणी केला, केव्हा केला, कशासाठी केला, सगळे. समजा जुनी आवृत्ती चालत होती, नवी चालत नाही आणि मध्ये १०२४ बदल झालेत. मग काय करायचे? मधोमधची आवृत्ती चालवून बघायची. चालली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या अर्ध्यात. असे दहा वेळा केले की १०२४ मधला नेमका एक बदल हातात येतो. यात हुशारी लागत नाही, नोंद लागते. आम्ही आमच्या बदलांची नोंद ठेवली असती, तर एका ओळीत उत्तर होते.

आता कुणी म्हणेल, हे मोठ्या लोकांचे काम, आपण मराठी माणसे यात काय भर घालणार? बघा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे माळशेजला दिसतात त्या. आचार्यांना बोलावले की आचाऱ्यांना, यावरून जेवण ठरते! हिंदीला या दुसऱ्या रूपाची फारशी गरज नाही, मराठीला रोज आहे. हे आडवे र-रूप संगणकावर नीट उमटावे म्हणून युनिकोडमध्ये स्वतंत्र नियम आहेत, आणि फॉन्ट व अक्षरजुळणीच्या प्रोग्रामांना ते पाळावे लागतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा संकेत २००८ मध्ये मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवायचे. आजही दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी. शाळेच्या यादीत ‘ॲडमिशन’ शोधले आणि निम्म्याच नोंदी सापडल्या, तर यंत्राला शिव्या देऊ नका, ही शक्यता तपासा. असे दोष दिल्लीत किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्याला दिसत नाहीत. मराठी लिहिणाऱ्यालाच दिसतात, आणि त्यानेच कळवायचे असतात.

कळवायचे कसे? डॉक्टरकडे जाऊन नुसते ‘बरं नाही’ म्हटले तर तो काय करील? तसेच ‘चालत नाही’ ही तक्रार नव्हे. तीन गोष्टी लिहायच्या : आम्ही काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले. त्यात आवृत्तीचा क्रमांक आणि नोंदवहीतल्या ओळी जशाच्या तशा. आपले निदान लिहायचे असेल तर शेवटी आणि वेगळे लिहा, कारण ते चुकलेले असू शकते. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यात संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. मधली पाच पावले गाळून आम्ही संशयावरून एकदम निर्णयावर उडी मारली होती. खरे तर आम्हाला संशयही आला नव्हता. तो त्या मुलीला आला.

त्या संगणक-खोलीत आता दाराशी सुतळीने एक दोनशे पानी वही टांगली आहे. तारीख, कोणता संगणक, काय दिसले, काय बदलले, कुणी बदलले, असे पाच रकाने. दहा बॅटऱ्यांची पहिली नोंद त्याच मुलीने केली. दुसरी नोंद आम्ही केली : वेळ जुळवणारी सेवा आमच्या हातून बंद झाली होती, ती परत सुरू केली. तिने ती वाचली आणि सही कुठे आहे म्हणून विचारले. मग आम्ही सही केली.

आपले काही प्रश्न असतील तर आता घेऊ या.