विनोदातील मित्र

द्वारकेस निघालेल्या सुदाम्याजवळ मूठभर पोह्यांवाचून भेट अशी नव्हती. तेच पोहे श्रीकृष्णाने आवडीने खाल्ले, ही कथा सर्वश्रुत आहे. याच पोह्यांचे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी आपल्या विनोदी लेखांस दिले. 'सुदाम्याचे पोहे' १९१० साली ग्रंथरूप झाले. त्यात लेख अठरा. म्हणून 'अठरा धान्यांचे कडबोळे' असेही त्यास म्हटले होते.

कोल्हटकरांच्या सुदाम्यास बंडूनाना व पांडूतात्या हे दोन जिवलग स्नेही आहेत. जुन्या रूढींत हे त्रिकूट मोठ्या निष्ठेने भाग घेते आणि त्या निष्ठेमुळेच रूढींचा पोकळपणा उघडा पडतो. लेखकाने सरळ टीका केली असती, तर त्या काळचे वाचक रागावले असते. परंतु हे मित्र परस्परांस हसतात, आणि वाचक नकळत त्यांच्या बैठकीत जाऊन बसतो. मग स्वतःस हसणे त्याला जड जात नाही. समाजास न दुखावता शहाणे करण्याची ही युक्ती मोठी मार्मिक होय.

चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव व गुंड्याभाऊ यांचे सख्य अधिक घरगुती. नात्याने ते भाऊ, पण वागणे मित्रांचे. चिमणराव किरकोळ व भित्रे. गुंड्याभाऊ दणकट व धीट. एकाची फजिती होऊ लागली की दुसरा धावून येतो, आणि पुष्कळदा तीत भरच घालतो! तरीही पुढच्या प्रसंगी दोघे पुन्हा बरोबरच निघतात.