आधी पाऊल, मग उभारी

घरातलं माणूस गप्प राहू लागलं की आपण त्याला म्हणतो, ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल.’ त्याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बरं वाटलं की पडेन.’ दोघंही मनापासून बोलत असतात आणि गाडी तिथेच अडून राहते. नैराश्यावरच्या ‘बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन’ नावाच्या उपचारपद्धतीचं सगळं काम ही अडलेली गाडी हलवण्याचं आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात या पद्धतीचा जो कस लागला, तो प्रत्येक मराठी घराला माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

माणूस खचतो तेव्हा एकेक गोष्ट सुटत जाते. आधी भजनी मंडळ, मग शेजारणीशी दोन शब्द, मग फोन उचलणं, मग आंघोळीची वेळ. एखादी गोष्ट टाळली की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि म्हणूनच टाळण्याची सवय जडते. पण त्याच गोष्टींतून थोडा आनंद मिळत असतो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीवही मिळत असते. ते झरे आटले की मन आणखी खाली जातं आणि आणखी काहीतरी सुटतं. शरीरही त्यात ओढलं जातं. दुपारभर लोळल्यावर रात्री डोळा लागत नाही. चालणं थांबतं, जेवणाच्या वेळा हुकतात, मधुमेहाची गोळी राहून जाते. साखर वाढली की थकवा येतो आणि थकलेल्या माणसाला अंथरुणातून उठणं दुप्पट जड जातं. मनाचा आजार कुठे संपला आणि शरीराचा कुठे सुरू झाला, हे मग डॉक्टरांनाही वेगळं काढता येत नाही.

अमेरिकेत ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात हे चक्र नेमकं पकडलं. माणसांना सुखावणाऱ्या ३२० साध्या गोष्टींची यादी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने केली, आणि रुग्ण त्यांतल्या किती करतो, याची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे १९९६ मध्ये सिएटलच्या नील जेकबसन यांच्या गटाने रुग्णाचे विचार बदलण्यावर भर देणाऱ्या, नैराश्यावरच्या मोठ्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले. नुसता कृतींचा भाग पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला. रुग्णाच्या विचारांशी वाद न घालता त्याचा दिवस बदलला तरी मन सावरू शकतं, याचा हा भक्कम पुरावा होता.

आता गोवा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे ‘संगत’ ही संस्था सुरू केली. या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसाठी याच पद्धतीवर आधारलेला ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ आखला. समुपदेशक होती स्थानिक माणसं, मानसोपचाराचं आधीचं कसलंही शिक्षण नसलेली. त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. पुढे एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकून तीच एकमेकांचं काम तपासत. प्रत्येक रुग्णासाठी सहा ते आठ बैठका, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कार्यक्रमाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केंद्रातले नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभरानंतरही लाभ टिकून होता.

या बैठकांत काय होतं, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पन्नाशीची एक बाई आहे. मुलगी लग्न होऊन गेली, नवरा जहाजावर. अंग दुखतं, झोप नाही, म्हणून ती केंद्रात येते. समुपदेशक तिला उपदेश करत नाही. कालचा दिवस विचारते. किती वाजता उठलात, मग काय केलंत, तेव्हा कसं वाटत होतं? तक्ता भरताना दिसतं की सगळा दिवस सारखा काळा नाही. संध्याकाळी शेजारचं पोर अभ्यासाची वही घेऊन आलं, तेव्हा थोडं हलकं वाटलं होतं. सर्वांत वाईट वेळ सकाळची, जाग आल्यानंतर पडून राहिल्याची. मग योजना ठरते ती याच दोन जागांवर. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की चपला घालून फाटकापर्यंत जायचं आणि पाव स्वतः घ्यायचे. मन असो वा नसो. संध्याकाळी त्या पोराला हाक मारायची. एवढंच. पुढच्या भेटीत पाव घेतले नसतील तर रागवायचं नाही, काम आणखी लहान करायचं. भोंगा वाजला की नुसतं उठून बसायचं, तेवढंही पुष्कळ.

यातली काटेकोर आखणी मला फार मोलाची वाटते. ‘रोज व्यायाम करा’ हा सल्ला खचलेल्या माणसाच्या कानावरून जातो, कारण त्यात कधी, कुठे, किती, यातलं काहीच नसतं. इथे वेळ ठरलेली, खूण ठरलेली आणि काम हाताच्या टप्प्यात. शिवाय आठवड्याने कुणीतरी आस्थेने विचारणार आहे. ‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ओळखायला हवा. ते आजाऱ्याकडे नसलेलं बळ मागतात. ही पद्धत उरलेल्या बळातून सुरुवात करते.

घरच्यांनी मग ‘काहीतरी कर’ असं म्हणण्यापेक्षा ‘साडेसहाला कोपऱ्यापर्यंत जाऊ, मी येतो’ असं म्हणावं, आणि वेळेवर दारात उभं राहावं. मात्र जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, खाणंपिणं सुटलं, भास होऊ लागले, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. चालू औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ या फोन क्रमांकावरची सरकारी मोफत सेवा चोवीस तास सुरू असते.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत आणि तालुक्याच्या गावातून त्यांच्याकडे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायला, साखर तपासायला माणूस असतो. त्याच खोलीत आणखी एक खुर्ची हवी, कालचा दिवस कसा गेला, हे शांतपणे विचारणाऱ्या प्रशिक्षित माणसाची. ती भरायला नवं वैद्यकीय महाविद्यालय लागत नाही, हे गोव्यातल्या केंद्रांनी दाखवून दिलं आहे.