जकात दिली, आता वेळही द्या

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत देणारे हात कमी पडत नाहीत. जकातीचा हिशेब होतो, फित्रा निघतो, रेशनचे किट वाटले जातात, इफ्तारीची ताटे घरोघरी फिरतात. ईद होते आणि हा ओघ आटतो. गरज मात्र आटत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, पावसाळ्यात हातावर पोट असलेल्यांची मजुरी बंद पडते आणि आजारपण तर महिना विचारून येत नाही. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमधला. तेव्हा मिळालेली मदत वह्या-पुस्तकांच्या दिवसांपर्यंत कशी पुरणार?

जकात रमजानमध्येच द्यावी, अशी अट शरीअतने घातलेली नाही. निसाबाइतक्या मालावर चांद्रवर्ष पुरे झाले की ती फर्ज होते. ज्याचे वर्ष सफरमध्ये पुरे होते, त्याने सफरमध्ये द्यावी. पुढच्या वर्षाची जकात थोडी थोडी आगाऊ देण्यालाही बहुतेक उलेमांनी परवानगी दिली आहे. आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते पैशापलीकडच्या देण्याविषयी. हजरत मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातला काटा बाजूला करणे, कुणाला ओझे उचलायला हात देणे, यालाही सदका म्हटले आहे. ज्याच्याकडे द्यायला माल नाही, त्यालाही सदक्याची वाट मोकळी आहे. आणि आज मोहल्ल्यात पैशाइतकीच टंचाई आहे ती लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या दोन तासांची.

एक उदाहरण घेऊ. रिक्षा चालवणाऱ्या भावाला डॉक्टरांनी मोठे ऑपरेशन सांगितले. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एलान होते, रुमाल फिरतो, काही हजार जमतात. बिल लाखांत असते. उरलेल्यासाठी बायकोचे दागिने जातात. आता कायदा काय सांगतो ते पाहा. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर तो निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. या रुग्णांच्या खर्चासाठी रुग्णालयाला आपल्या बिलांतील २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. शहरातली कितीतरी नामांकित रुग्णालये या योजनेत येतात. शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे.

म्हणजे जे उपचार हक्काने मिळू शकत होते, त्यासाठी आपण दागिने विकले आणि जकातही खर्ची घातली. कमी पडला तो फक्त एक माणूस. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकासमोर बसणारा, अर्ज करणारा आणि खाट शिल्लक नाही असे सांगितले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणारा. प्रत्येक मशिदीच्या जमातीत असे दोघे-तिघे तयार झाले, तर वर्षभरात किती घरे कर्जातून वाचतील!

दुसरे काम कागदपत्रांचे. हे दुखणे आम्ही शिक्षक रोज पाहतो. मूल हुशार असते, पण दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसरे. शेख कुठे आधी, कुठे शेवटी. अर्जाची मुदत संपते आणि शिष्यवृत्ती जाते. तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात असतो, आणि शाळा उर्दू असेल तर जुनी नोंद उर्दूत. ती वाचून मराठीत लिहून देणारा माणूस कचेरीत सापडत नाही, आपल्या मोहल्ल्यात सापडतो. निवृत्त उर्दू शिक्षकांनी रविवारचे दोन तास यासाठी दिले, तर एकेका दाखल्यावर अख्ख्या घराण्याचे काम होते. पुढे भावंडांना आणि चुलत भावंडांनाही तोच पुरावा उपयोगी पडतो.

हे काम मे महिन्यात नको, दिवाळीच्या सुट्टीपासून सुरू व्हावे. निकालानंतर सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि मग पैसे घेणारे मध्यस्थ भेटतात.

तिसरे काम रक्तदानाचे. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजे बंद असतात, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई होते. १८ वर्षांवरील, ४५ किलोंहून अधिक वजनाच्या, हिमोग्लोबिन १२.५ असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. आपल्या जमातीतल्या तरुणांच्या रक्तगटांची यादी करून ठेवली, तर मध्यरात्री फोन फिरवत बसावे लागत नाही. नफल सदक्यात मुस्लिम-गैरमुस्लिम हा भेद नाही, रक्तात तर नाहीच. शेजारच्या आळीतल्या कुणाला आपले रक्त मिळाले, तर शेजारधर्माचे याहून चांगले रूप कोणते?

हे सारे चालवायचे कसे? इथे शेजारच्या चर्चकडून एक रीत शिकण्यासारखी आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र वादसभा भरवत. तुमचे चर्च आज गरिबांसाठी काय करते, असा सवाल एकदा विरोधकांनी त्यांना केला. त्यांनी भाषणाने उत्तर दिले नाही. ते गरिबांच्या घरी जाऊ लागले. त्यातून ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ उभी राहिली, जिचे काम आज मुंबईतल्या चर्चमध्येही चालते. तिचे नियम साधे आहेत. एकट्याने जायचे नाही, दोघांनी मिळून गरजूच्या घरी जायचे. त्याला आपल्या दारात उभे करायचे नाही. ठरलेल्या दिवशी बैठक घ्यायची, काय पाहिले ते सांगायचे. बैठकीत एक पिशवी फिरते, त्यात ज्याने-त्याने जमेल तेवढे टाकायचे आणि कुणी किती टाकले ते कुणाला कळत नाही. कुणाला मदत झाली, हेही बाहेर बोलायचे नाही.

गुप्तपणे देण्याची फजीलत सूरह बकरामध्ये आलीच आहे. तरीही रेशनचा किट हातात देऊन फोटो काढण्याची चाल आपल्यात शिरली आहे. ज्या आईचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरतो, तिची मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसते. देणाऱ्याला ते कळतही नाही. मदत पोहोचावी, इज्जत राहावी, यासाठी दोघांनी घरी जाण्याची रीत उत्तम. स्त्रियांच्या घरी स्त्रियांनी जावे. विधवा, सोडलेल्या बहिणी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या यांची अडचण मुतवल्लींना कळण्याआधी शेजारच्या खालाजानला कळते. म्हणून या कामात घरातल्या स्त्रिया हव्यातच.

पैशाचा हिशेब मात्र उघडा असावा. जकात आणि लिल्लाह यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत आणि ती रक्कम मशिदीच्या रंगकामाला वापरता येत नाही. जमा-खर्च दर तीन महिन्यांनी जमातीसमोर वाचावा. नावे वाचू नयेत, रकमा वाचाव्यात.

सुरुवातीला मोठी संस्था नको, नोंदणी नको, फलकही नको. येत्या जुम्याला नमाजनंतर चौघांनी दहा मिनिटे थांबावे. एक वही घ्यावी. दवाखान्यासाठी कोण, कागदपत्रांसाठी कोण, रक्तासाठी कोण, घरी भेटीला कोणती जोडी, एवढे लिहावे आणि पुढची तारीख ठरवावी. वही इमामसाहेबांकडे ठेवावी. आठवड्याला दोन तास, यापेक्षा जास्त कुणाकडूनच मागायचे नाही. दोन तास कबूल करून ते पाळणारा माणूस जमातीची खरी दौलत आहे.

मालाची जकात मालवाल्यावर फर्ज आहे. ज्याला अल्लाहने लिहिता-वाचता येण्याची नेमत दिली, त्याच्याकडेही मोहल्ल्याचा काही हक्क निघतो. तो पुढच्या रमजानपर्यंत थकवू नये. अल्लाह आपणा सर्वांना तौफीक देवो. आमीन.