मध्यवस्तीतील मुक्काम

जैन कुटुंबांच्या प्रवासाची कल्पना पिढ्यान्‌पिढ्या तीर्थयात्रेशी जोडलेली आहे. पालिताणा असो वा शिखरजी, धर्मशाळेत खोली मिळते, भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी पान वाढले जाते, उकाळलेले पाणी तयार असते आणि मंदिर हाकेच्या अंतरावर असते. तेथे नियमपालनाची चिंता यात्रेकरूस करावी लागत नाही; ती व्यवस्थेनेच वाहिलेली असते. मात्र हेच कुटुंब विश्रांतीसाठी एखाद्या मोठ्या शहरात हॉटेलात उतरले, की तो सारा भार घरच्या गृहिणीवर येतो. खाकऱ्यांचे डबे, मुगाची डाळ, लहान शेगडी असे अर्धे स्वयंपाकघर तिच्यासोबत निघते. सुट्टी सर्वांची असते, तिची मात्र नसते.

बार्शीत भुसार मालाची अडत चालविणाऱ्या एका दांपत्याने गेल्या डिसेंबरात हा प्रघात मोडण्याचे ठरविले. विवाहास अठ्ठावीस वर्षे झाली होती. यात्रा अनेक घडल्या होत्या. परंतु केवळ दोघांनी, केवळ विश्रांतीसाठी चार दिवस बाहेर राहण्याचा योग आला नव्हता. चिरंजीव गादी सांभाळू लागल्यावर तो आला. त्यांनी जयपूर निवडले. पत्नीची अट एकच होती : "अहो, शेगडी घ्यायची नाही आणि चौविहारही मोडायचा नाही."

या अटीमुळे हॉटेलाची निवड हा हिशेबाचा विषय झाला. शहराबाहेर, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव असलेल्या हॉटेलात खोलीचे भाडे दररोज २,६०० रुपये होते. तटबंदीच्या आतील साध्या, जुन्या हवेलीवजा हॉटेलात ते ३,८०० रुपये होते. चार रात्रींचा फरक ४,८०० रुपये. पाच टक्के वस्तू व सेवा कर धरून ५,०४०. चिरंजीवास हा फरक अनाठायी वाटला. वडिलांनी दुसरी बाजू मांडली. बाहेरून रोज जाण्या-येण्यास टॅक्सीचे किमान ८०० रुपये, म्हणजे चार दिवसांचे ३,२००, आणि रोजचे दोन तास. खरा जादा खर्च १,८४० रुपये उरला आणि त्यात आठ तास मिळाले. ताशी २३० रुपये हा भाव त्यांना महाग वाटला नाही.

त्या तासांचे मोल डिसेंबरात विशेष असते. बार्शी आणि जयपूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. परंतु जयपूर बरेच उत्तरेला असल्याने हिवाळ्यात तेथील दिवस लहान असतो. महिन्याच्या मध्यास तेथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे सोडली, तर अन्नग्रहणास जेमतेम साडेनऊ तास उरतात. जो प्रवासी पाच वाजता आमेरच्या रस्त्यावरील गर्दीत अडकतो, त्याचे सायंकाळचे भोजन चुकलेच. हे दांपत्य आमेरला सकाळी जाई आणि दुपारी परते. उरलेली स्थळे पायी पाहत असे.

जयपूरची रचनाच त्यास अनुकूल आहे. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये हे नगर वसविले. विद्याधर भट्टाचार्य यांच्या नियोजनातून काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, चौपडी आणि रस्त्यांच्या कडेने एकसारख्या दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. बाजार येथे नगराच्या आराखड्यातच होता. म्हणूनच व्यापाऱ्याच्या दृष्टीला हे शहर परके वाटत नाही. राजवाडा, जंतरमंतर आणि १७९९ मध्ये बांधलेला हवामहल एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. जोहरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत श्वेतांबर आणि दिगंबर अशी दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत. सकाळचे दर्शन या दांपत्याला एकाही दिवशी चुकले नाही.

भोजनाची व्यवस्था मात्र सहज झाली नाही. 'जैन जेवण' म्हणजे कांदा-लसूण वगळलेले जेवण, इतकीच अनेक स्वयंपाक्यांची समजूत असते. खोली ठरविण्यापूर्वीच दूरध्वनी करून सायंकाळी पाच वाजता जेवण मिळण्याची खात्री त्यांनी करून घेतली होती. हॉटेलाचे स्वयंपाकघर एरवी सातला सुरू होई. तरीही पहिल्या सायंकाळी पुलावात गाजर निघाले. पत्नीने ताट बाजूला सारले आणि केवळ डाळ-रोटीवर जेवण आटोपले. तक्रारीचा सूर न लावता तिने व्यवस्थापकाला एक चिठ्ठी हिंदीत लिहून दिली : बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले, कांदा, लसूण यांपैकी काहीही नको. पुढे चूक झाली नाही. गट्टे, मंगोडी, पापडाची भाजी, केर-सांगरी हे मरुभूमीतील पदार्थ कंदमुळांवाचूनच बनतात. ते तेथे रोजचेच होते.

मध्यवस्तीचे तोटेही त्यांनी अनुभवले. गल्लीत मोटार येत नसल्याने सामान हमालाकडून न्यावे लागले. लग्नसराईच्या वरातींचा आवाज रात्री उशिरापर्यंत येई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागील बाजूची खोली मागून घेतली. वयोवृद्धांनी उद्वाहनाची आणि पहाटे पोहोचणाऱ्यांनी खोलीच्या ताब्याच्या वेळेची चौकशी आधीच करणे इष्ट होय.

परतल्यावर हॉटेलाचे बिल पेढीच्या खर्चात टाकावे, असे चिरंजीवाने सुचविले. वडिलांनी ते घरखर्ची उचल म्हणून लिहावयास लावले. खासगी उपभोगावरील कराची वजावट कायद्याने मिळत नाही, हे एक कारण. दुसरे त्यांनी चिरंजीवास सांगितले : "पेढीने आम्हाला पाठविले नव्हते. आम्ही दोघे आमच्यासाठी गेलो होतो. वहीत तसेच दिसले पाहिजे."

खाकऱ्यांचा एक डबा पत्नीने खबरदारी म्हणून नेला होताच. तो जवळजवळ भरलेलाच परत आला. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच सलग चार दिवस तिला बसल्या जागी, वेळेवर आणि नियमाप्रमाणे वाढलेले ताट मिळाले होते. पुढील वर्षी म्हैसूरला जाण्याचे ठरले आहे. तेथील हॉटेल शोधण्याचे काम या वेळी तिने आपल्याकडे घेतले असून तिचा पहिला प्रश्न भाड्याचा नाही. मंदिर किती अंतरावर आहे आणि स्वयंपाकघर किती वाजता सुरू होते, हा आहे.