'सैराट' आणि प्रेक्षकांचा मतभेद

प्रेमाच्या शोकान्त कथेवर प्रेक्षक एकमेकांशी भांडतात ते बहुधा तिच्या शेवटावरून. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा हेच घडले. कथाभूमी करमाळ्याची, म्हणजे आपल्या परंडा तालुक्याच्या शेजारची. त्यामुळे तिथली बोली आणि पाटीलकीचा दरारा धाराशिवच्या प्रेक्षकास कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. प्रेमिक आश्रयास जातात तेही हैदराबादेस. १९४८ पर्यंत निजामी अंमलात असलेल्या या जिल्ह्याची ती जुनी राजधानीच होय!

अजय-अतुल यांच्या गाण्यांवर तरुण चित्रपटगृहातच नाचले. उलट, कोवळ्या मुलांना पळून जाण्याची चिथावणी मिळते, असा आक्षेप अनेक वडीलधाऱ्यांनी घेतला. आमच्या मते या आक्षेपात चित्रपटाचा उत्तरार्ध जमेस धरलेलाच नाही.

स्पॅनिश नाटककार लोर्का याने १९२८ मधील एका प्रत्यक्ष हत्येवरून प्रेरणा घेऊन लिहिलेले 'रक्तविवाह' हे नाटक १९३३ साली रंगभूमीवर आले. त्याच्या अखेरीस स्त्रिया विलाप करतात आणि प्रेक्षकाच्या शोकास वाट मिळते. 'सैराट'मध्ये ती वाट बंद आहे. माहेरची भेट घेऊन आलेले आप्तच दोघांचा जीव घेतात. पुढे संगीत नाही, विलाप नाही. रडते ते एकटे मूल, आणि त्याचेही रडणे आपणांस ऐकू येत नाही. दिसतात ती त्याची रक्ताळलेली पावले. करुणरसाचा परिपोष येथे हेतुपुरस्सर रोखला आहे, आणि मघाशी नाचलेला प्रेक्षक आपल्या जागी खिळून राहतो.