मेंडोटाचा तळ उघडतो तेव्हा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन हे सरोवरांच्या काठावर वसलेले शहर आहे. तिथल्या सरोवरांत सर्वांत मोठे मेंडोटा. क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर, सर्वाधिक खोली २५ मीटर. दक्षिण काठावर विस्कॉन्सिन विद्यापीठ असल्यामुळे जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या सरोवरांत त्याची गणना होते. मासेमारी तर विद्यापीठाच्या कितीतरी आधीची. २०२१च्या नोव्हेंबरात या सरोवरातून एका अखंड लाकडाची कोरीव होडी वर काढण्यात आली. ती सुमारे १२०० वर्षांपूर्वीची निघाली आणि तिच्यात जाळ्याला बांधायचे दगडी वजनही सापडले. हो-चंक लोकांचे पूर्वज या पाण्यात जाळी टाकत होते, याचा इतका थेट पुरावा दुसरा नसेल. आज तिथे गळ टाकणारे हजारो हौशी लोक आहेत. उन्हाळा सरून पानगळ सुरू होण्याच्या काळाविषयी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक समजूत आहे. ऑगस्ट संपला, हवेत गारवा आला की मासा खोलातून वर येतो, खादाड होतो आणि महिनाभर चांगला लागतो. मग एके दिवशी सरोवर ‘उलटते’, पाणी गढूळते, वास मारू लागते आणि पुढचे दोन आठवडे गळ गुंडाळून ठेवावा लागतो. या समजुतीतली निरीक्षणे बहुतांशी खरी आहेत. चुकते ते कारण. माझे म्हणणे असे की या संक्रमणकाळात मासा कुठे असेल हे गारव्यावरून ठरत नाही, ते प्राणवायूवरून ठरते. ज्या उलथण्याला मासेमार दोष देतात, ती त्या सरोवरातील माशांची सुटका असते.

हे समजून घ्यायला पाण्याचा एक गुण आधी पाहावा लागतो. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून तापत जाईल तसे ते हलके होते. पण हे हलके होणे सगळीकडे सारखे नसते. ४ वरून ५ अंशांवर जाताना घनतेत जो फरक पडतो, त्याच्या सुमारे ३० पट फरक २४ वरून २५ अंशांवर जाताना पडतो. म्हणजे उन्हाळ्यात वरचे पाणी २५ अंशांपर्यंत तापलेले आणि खालचे दहा-बारा अंशांवर अडकलेले असले की दोन्ही एकमेकांत मिसळायला वाऱ्याला फार मोठी ताकद लावावी लागते. मेंडोटावर तेवढा वारा उन्हाळ्यात सहसा वाहत नाही. साधारण मे महिन्यापासून सरोवराचे दोन भाग पडतात. वर गरम, हलका, वाऱ्याने घुसळला जाणारा थर, खाली थंड, जड, काळोखा थर आणि मधे तापमान झपाट्याने घसरते ती पट्टी. या पट्टीला ‘थर्मोक्लाइन’ हे नाव एडवर्ड बर्ज यांनी दिले. १८७५ साली मॅडिसनच्या विद्यापीठात निसर्गशास्त्र शिकवायला आलेला हा माणूस पुढे विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, तरी मेंडोटा त्याने सोडले नाही.

बर्ज या थरांच्या अभ्यासाकडे वळले ते माशांच्या वाटेने नव्हे. १८९०च्या दशकात ते पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांची मोजणी करत होते. कोणत्या खोलीवर किती जीव सापडतात हे पाहताना त्यांना दिसले की भर उन्हाळ्यात एका ठराविक खोलीखाली हे जीव जवळजवळ नाहीसेच होतात. थंडी हे त्याचे कारण असू शकत नव्हते, कारण वसंतात त्याहून थंड पाण्यात तेच जीव सुखाने राहत होते. उत्तर पाण्यात विरघळलेल्या वायूंत सापडले. चॉन्सी जुडे या सहकाऱ्याबरोबर बर्ज यांनी विस्कॉन्सिनच्या अनेक सरोवरांतला प्राणवायू खोलीनुसार मोजला आणि १९११ साली तो सगळा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वरच्या थरात मेलेली शेवाळे खाली पडतात, तळाशी कुजतात, कुजताना प्राणवायू खातात आणि वरून नवा प्राणवायू येण्याची वाट थर्मोक्लाइनने बंद केलेली असते. त्यामुळे जुलैपासून मेंडोटाच्या खालच्या भागात प्राणवायू जवळपास उरतच नाही. बर्ज यांनी १९०७ साली याच विषयावर लिहिताना ‘सरोवराचा श्वसनव्यवहार’ अशी कल्पना मांडली. माझ्या मते मासेमारीच्या दृष्टीने आजवर कोणी सांगितलेल्या गोष्टींत ही सर्वांत उपयोगी आहे, आणि गळ टाकणाऱ्यांपर्यंत ती सर्वांत कमी पोचली आहे.

आता ऑगस्टमधला मासा पाहू. त्याला वरून उष्णतेने दाबलेले असते, खालून प्राणवायूच्या अभावाने. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो: ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मावतो, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वाआठ. आणि गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते, कारण त्याच्या शरीराचा वेग पाण्याच्या तापमानावर चालतो. लार्जमाउथ बाससारख्या उष्णता मानवणाऱ्या माशाला याचे फारसे काही वाटत नाही. वॉलआय आणि यलो पर्च यांना वाटते. सिस्को या चंदेरी, थंड पाण्यातल्या माशाला तर जीव टिकवणे कठीण होते. त्याच्या वाट्याला थर्मोक्लाइनच्या आसपासची एक पातळ पट्टी तेवढी उरते: वर गेले तर पाणी फार गरम, खाली गेले तर श्वास नाही. १९८७च्या उन्हाळ्याच्या अखेरीस ही पट्टीही मिटत गेली आणि मेंडोटातले सिस्को प्रचंड संख्येने मेले. त्याचा परिणाम सरोवरभर पोचला. सिस्को खात असलेल्या डॅफ्निया या बारीक पाणपिसवा वाढल्या, त्यांनी शेवाळ खाल्ले आणि पुढच्या वर्षी पाणी नितळ दिसू लागले. या घटनेचा अभ्यास १९९० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना ते नितळ पाणी आवडले असणार, पण वॉलआय, पाइक अशा मोठ्या शिकारी माशांचे एक चरबीदार खाद्य त्या उन्हाळ्यात गेले होते.

सप्टेंबरमध्ये काय होते ते या दाबलेल्या अवस्थेच्या संदर्भात पाहिले पाहिजे. रात्री लांबतात, वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली बसू लागते, वारे वाढतात. थर्मोक्लाइन एका झटक्यात मोडत नाही, ती खाली सरकत जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा मीटरवर असलेली ही सीमा सप्टेंबरअखेर सुमारे बारा-पंधरा मीटरपर्यंत उतरते. दर आठवड्याला वरचा थर खालच्या थराचा एक काप आपल्यात ओढून घेतो. माशाच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: राहण्याजोगी जागा दर आठवड्याला खालच्या बाजूने वाढते आणि तळाचा जो भाग महिनोन्‌महिने बंद होता तो कडेकडेने उघडत जातो. त्या उघडणाऱ्या तळाच्या गाळात किड्यांच्या अळ्या असतात, ज्यांना प्राणवायूच्या अभावामुळेच आजवर अभय होते. सप्टेंबरमधला पर्च खोलवर उतारावर सापडतो तो यामुळे. म्हणून ‘गारवा आला की मासा वर येतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. काही मासे काठाला येतात, कारण तिथले पाणी आता सोसते. पण तितकेच मासे खाली जातात, कारण तिथे आता श्वास घेता येतो. काठावरचा तापमापक पहिली गोष्ट सांगतो, दुसरी सांगू शकत नाही.

यावर एक जुना आणि भक्कम आक्षेप आहे, आणि तो मेंडोटातूनच आला आहे. पिअर्स आणि अ‍ॅक्टेनबर्ग यांनी पर्चच्या सवयींवर केलेला अभ्यास १९२० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवले की पर्च प्राणवायू नसलेल्या खालच्या पाण्यातही खाद्यासाठी शिरतो, काही काळ तगतो आणि परत वर येतो. मग प्राणवायूची सीमा ही खरी सीमा कशी? मला हा पुरावा माझ्या म्हणण्याविरुद्ध वाटत नाही. पर्च तिथे शिरतो, राहत नाही. श्वास रोखून केलेल्या अशा फेऱ्या करायला भाग पडावे इतके तळाचे खाद्य मोलाचे असते, हेच त्यातून सिद्ध होते. जी जागा जीव धोक्यात घालून गाठावी लागत होती ती सप्टेंबरमध्ये बिनधोक खुली होते, तेव्हा मासा तिकडे वळणारच.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो झटकून टाकणे उद्धटपणाचे होईल. उलथण्यानंतर मासे खरोखरच कमी लागतात. ऑक्टोबरमध्ये वरचे पाणी बारा ते पंधरा अंशांच्या दरम्यान येते आणि खालच्या पाण्याशी त्याचा फरक मिटतो. (पुस्तकी आकृत्यांत हे ४ अंशांना होताना दाखवतात. मेंडोटात ते कितीतरी आधी होते आणि पुढे गोठेपर्यंत सरोवर घुसळतच राहते.) वारा मग वरपासून तळापर्यंत सगळे पाणी ढवळतो, गाळ आणि शेवाळाचे तुकडे वर येतात, सल्फाइडचा वास सुटतो, सगळ्या पाण्यातला प्राणवायू तात्पुरता थोडा खाली येतो. पण गळाला मासा न लागण्याचे मोठे कारण मला निराळे दिसते. उन्हाळ्यात मासेमार ज्या पट्टीत हमखास मासा शोधत होता ती पट्टीच राहिलेली नसते. तेवढेच मासे आता संपूर्ण सरोवरात, काठापासून २५ मीटरपर्यंत, कुठेही असू शकतात. मासा उपाशी बसलेला नसतो, तो विखुरलेला असतो. आणि ऑगस्टमधली भरघोस पकड हा माशांच्या सुबत्तेचा पुरावा मानणेही चुकीचे आहे, कारण ती कोंडलेल्या माशांची पकड होती. एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. लहान, खोल आणि झाडीने वेढलेल्या तळ्यांत थर हळूहळू खाली सरकत नाही. एखादे वादळ येते आणि सगळे सडके पाणी एकाच रात्री वर मिसळते, तेव्हा मासे खरोखर मरतात. मेंडोटासारख्या उघड्या, रुंद सरोवराला ते लागू नाही. उलट टोकाला मॅडिसनमधलेच विंग्रा हे उथळ सरोवर आहे. ते उन्हाळाभर वाऱ्याने ढवळले जाते, तिथे उलथण्यासारखे काही उरलेलेच नसते, म्हणून तिथे तापमान आणि पाणवनस्पती यांवरून मासा शोधणे बरोबर ठरते. एकाच शहरातल्या दोन सरोवरांना एकच पंचांग लावता येत नाही.

दिवस लहान होण्यामुळे माशाची भूक चाळवते, हेही अनेक जण सांगतात. प्रकाशाचा माशाच्या शरीरचक्रावर परिणाम होतो यात शंका नाही, पण दिवसाची लांबी विंग्रात आणि मेंडोटात सारखीच असते. दोन्हीकडे मासा वेगळा वागत असेल तर ते वेगळेपण प्रकाशातून आलेले नसणार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटेल, कारण आपल्याकडे उन्हाळा आणि शरद यांच्यामध्ये पावसाळा उभा असतो आणि धरणांचे पाणी पुराने नव्याने भरते. पण घनतेचा नियम आपल्याला अधिकच लागू आहे. २८-३० अंशांच्या पाण्यात एक-दोन अंशांचा फरकही थर पाडायला पुरतो, आणि आपल्याकडच्या खोल जलाशयांचे मिसळणे हिवाळ्यातल्या थंड रात्रींवर अवलंबून असते. जलाशयांत पिंजरे टाकून मासे वाढवणाऱ्यांनी पृष्ठभागाचे तापमान पाहून समाधान मानू नये. पिंजऱ्याच्या तळाशी आणि त्याखाली प्राणवायू किती, हे मोजावे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसले की एरेटर लावायचा, ही वेळ खरे तर उशिराची असते.

मेंडोटाच्या मासेमारांनी आपली समजूत बदलावी असे मला वाटते ते केवळ जास्त मासे मिळावेत म्हणून नाही. ऑगस्टअखेर दाबात असलेला मासा गळाला लावून, दमवून, गरम पाण्यात परत सोडला तर तो पोहत गेलेला दिसतो, पण जगतोच असे नाही. मस्कीसारख्या मोठ्या माशांच्या मागे लागणारे कित्येक जाणकार पाणी २६-२७ अंशांच्या वर गेले की स्वतःहून थांबतात. हा विवेक सिस्को आणि वॉलआयच्या बाबतीत प्राणवायूलाही लावला पाहिजे. शिवाय हा दाब वाढतो आहे. समशीतोष्ण प्रदेशातील ३९३ सरोवरांच्या १९४१ ते २०१७ या काळातल्या मोजमापांवरून २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पृष्ठभागाजवळचा प्राणवायू ५.५ टक्क्यांनी आणि खोल पाण्यातला १८.६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज असा की कर्बवायूंचे उत्सर्जन असेच वाढत राहिले तर शतकाच्या अखेरीस उत्तर गोलार्धातल्या सरोवरांत थर पडणे सुमारे २२ दिवस आधी सुरू होईल आणि मोडणे सुमारे ११ दिवस लांबेल. सिस्कोसाठी हे शेवटचे ११ दिवसच जीवघेणे आहेत, कारण त्याची पट्टी सर्वांत अरुंद होते ती उन्हाळ्याच्या शेवटी.

हवामान एका राज्याच्या हातात नाही, तळाशी कुजणारे शेवाळ मात्र बरेचसे आहे. मेंडोटात फॉस्फरस येतो तो मुख्यतः पाणलोटातल्या शेतीतून, शेणखत आणि रासायनिक खतांतून. तो कमी झाला तर शेवाळ कमी, कुजणे कमी, आणि खालच्या थरातला प्राणवायू आणखी काही आठवडे पुरतो. शेजारच्या मिनेसोटा राज्याने हे गणित मासेमारीच्या धोरणातच बसवले आहे. तिथल्या मत्स्यखात्याने सिस्को पुढेही तग धरू शकेल अशी खोल, स्वच्छ सरोवरे हुडकून काढली आणि त्यांच्या पाणलोटातला तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली राखण्याचे उद्दिष्ट ठेवले. खाजगी जंगलमालकांशी करार करून ती झाडे उभी ठेवली जातात, ती पाण्याखालच्या एका पातळ पट्टीत सप्टेंबरपर्यंत श्वास उरावा म्हणून.